देखावा आणि शिवार

मराठी शाळांतील चित्रकलेच्या वह्यांतून एक चित्र पिढ्यान्‌पिढ्या काढले जात आहे. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या बेचक्यातून डोकावणारा अर्धा सूर्य आणि पट्टीने आखल्यासारखे त्याचे किरण. डोंगराच्या पायथ्याशी एकाएकी उगम पावून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंदावत येणारी नदी. एका काठावर झोपडी, दुसऱ्या काठावर किंचित वाकलेले नारळाचे झाड. आणि आकाशात उलटे कंस टाकावेत तसे पाचसात पक्षी. या चित्राला ‘देखावा’, आणि परीक्षेच्या भाषेत ‘खेड्यातील देखावा’, असे नाव आहे. मडगावचा मुलगा हेच चित्र काढतो, बेळगावचा हेच काढतो, आणि ज्याने देवळात नारळ फोडलेला पाहिला आहे पण नारळाचे झाड उभ्या जन्मात पाहिलेले नाही, असा आमच्या माळव्यातला मुलगाही हेच काढतो. या चित्रात सूर्य कधी माथ्यावर येत नाही, झोपडीच्या दारात कधी माणूस उभा राहत नाही, आणि एवढी मोठी नदी असून तिच्या काठी पिकाचा एक वाफाही नसतो.

अशा चित्रावर साहित्यसंस्थेच्या नियतकालिकाची पाने खर्ची घालावीत काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, हाच देखावा शब्दांतूनही काढला जातो. निबंधाच्या वहीत तो सापडतो, आणि ग्रामीण म्हणविणाऱ्या कथा-कादंबऱ्यांतही सापडतो. चित्रात दोष डोळ्यांना दिसतो, म्हणून तेथून आरंभ करणे सोयीचे. खेड्याच्या परिसराचे भावपूर्ण चित्र काढावयास माणूस शिकतो तो कसा, आणि आपण त्याला शिकू देत नाही तो कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम मुलांना न्याय दिला पाहिजे. पाच-सहा वर्षांचे मूल देखावा काढीत नाही. ते आई घरापेक्षा उंच काढते, गाईचे चारही पाय एकाच अंगास काढते, विहीर वरून पाहिल्यासारखी गोल आणि तिच्यावरचा रहाट मात्र बाजूने पाहिल्यासारखा काढते. यथार्थदर्शनाचे सारे नियम त्यात मोडलेले असतात. पण जे महत्त्वाचे वाटले ते मोठे, आणि जे ठाऊक आहे ते पूर्ण, हा त्याचा स्वतःचा नियम ते पाळते. देखावा येतो तो नंतर, आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास, शेजारच्या बाकावरून. एकाने दुसऱ्याचे पाहून काढावे, दुसऱ्याचे तिसऱ्याने, अशी त्याची परंपरा असते. आपण त्याला दहापैकी सात गुण देतो आणि तो कायमचा हातात बसतो. पुढे महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका येते. स्मरणचित्र म्हटले म्हणजे स्मरणात काही साठलेले आहे असे गृहीत धरावे लागते. परंतु ज्याने पाहिलेच नाही त्याच्या स्मरणात शेजाऱ्याच्या वहीखेरीज दुसरे काय असणार?

‘देखावा’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. ‘दुःखाचा देखावा केला’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला खोटेपणा अभिप्रेत असतो. दिसणे आणि दाखविणे या दोन्ही अर्थांना मराठीने एकाच शब्दात कोंडले आहे, आणि शाळेतील चित्राला तो शब्द नको तितका शोभून दिसतो. ‘निसर्गचित्र’ हा शब्द अधिक प्रतिष्ठित. पण खेड्याच्या परिसरास तो लावताना अडखळायला होते. खेड्याभोवती जे दिसते त्यात निव्वळ निसर्ग फार थोडा. बांध माणसाने घातलेला, विहीर माणसाने खणलेली, बाभळीचे कुंपण माणसाने रचलेले, वाट पायांनी पडलेली. या सगळ्याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे शिवार. शिवार या शब्दात गावाची हद्द आहे, जमीन आहे, पीक आहे आणि त्यावर राबणारा माणूस न सांगता आहे. कालिदासाच्या मेघाला माळव्याकडे येताना वाटेत प्रथम भेटते ते शिवारच. नुकत्याच नांगरलेल्या उंच जमिनीचा वास त्याला येतो, आणि पीक त्याच्याच हाती आहे हे जाणणाऱ्या खेड्यातील बायका वर मान करून त्याच्याकडे पाहतात. त्या जमिनीला कवीने ‘माल’ म्हटले आहे. टीकाकार त्याचा अर्थ उंचवट्याची जमीन असा करतात, आणि आपल्या ‘माळा’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. उज्जयिनीचे महाल आणि शिप्रेचा वारा त्यानंतर येतात. मेघाकडे पाहणाऱ्या त्या बायकांना भ्रूविलास ठाऊक नाहीत असे कवी मुद्दाम नोंदवितो. भावपूर्ण ग्रामचित्र म्हणजे काय याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. मेघाकडे पाहण्याचे कारण जमिनीत आहे, आणि भाव त्या कारणातून आलेला आहे.

येथेच एका प्रचलित समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. चित्र भावपूर्ण व्हावयाचे तर चित्रकाराने भावना ओतावी लागते, ती उत्कट असावी लागते, आणि शिस्त, मोजमाप, अभ्यास या गोष्टी भावनेला मारक होत, अशी ही समजूत आहे. तिला आधार म्हणून नेहमी व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे नाव घेतले जाते. वेडाच्या लहरीत रंगांच्या नळ्या पिळणारा, गव्हाच्या शेतावर कावळे काढून लगेच स्वतःवर गोळी झाडणारा चित्रकार, अशी त्याची प्रतिमा सुशिक्षितांच्याही मनात आहे. वस्तुतः ते कावळ्यांचे चित्र त्याचे अखेरचे नव्हे. झाडांच्या मुळांचे एक चित्र अखेरचे असावे असे आज अभ्यासक मानतात. पण आख्यायिकेचे खंडन हा येथे मुख्य मुद्दा नाही. व्हॅन गॉग हा शिकला कसा, हे पाहण्याजोगे आहे. कारण आपला भाऊ थिओ याला लिहिलेल्या सुमारे साडेसहाशे पत्रांतून त्या शिक्षणाची रोजनिशीच उपलब्ध आहे.

चित्रकार व्हावयाचे हे त्याने १८८० साली ठरविले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्यापूर्वी चित्रविक्रेत्याच्या पेढीवर नोकरी, शाळेत शिकविणे, खाणमजुरांत धर्मोपदेश, असे सारे करून झाले होते. हात बसलेला नव्हता. त्याने काय केले? शार्ल बार्ग याच्या चित्रकला-पाठांतील तक्ते त्याने पुन्हापुन्हा गिरविले. मिलेच्या ‘पेरणी करणारा’ या चित्राची छापील प्रत समोर ठेवून ती उतरविली. १८८२ मध्ये हेग येथे असताना त्याने लोहार आणि सुतार यांच्याकडून एक चौकट करवून घेतली. चौकटीत उभ्या, आडव्या आणि तिरप्या दोऱ्या ताणलेल्या, आणि खाली वाळूच्या उंचसखल जमिनीत रोवता येतील असे टोकदार पाय. तिच्यातून पाहिले म्हणजे क्षितिज कोठे येते, दूरची वाट किती झपाट्याने निमुळती होते, हे दोऱ्यांवरून मोजता येई. ज्याच्या चित्रांना आपण भावनेचा उद्रेक म्हणतो तो माणूस समुद्राकाठच्या वाळूत ही चौकट ठोकून एक डोळा मिटून मोजीत बसला होता. पुढे न्यूनेन या खेड्यात १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे डझनावारी अभ्यास केले, आणि मग ‘बटाटे खाणारे’ हे चित्र हाती घेतले. त्यातील चेहऱ्यांचा रंग माती लागलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा झाला पाहिजे असे त्याचे म्हणणे होते. हे भावनेचे विधान आहे की निरीक्षणाचे, हे मला तरी वेगळे करता येत नाही.

१८८८ च्या फेब्रुवारीत तो फ्रान्सच्या दक्षिणेस आर्ल येथे गेला. त्या जूनमधील ‘सुगी’ हे चित्र आज अॅमस्टरडॅमच्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. आकार सुमारे ७३ बाय ९२ सेंटिमीटर. या चित्रापाशी थोडे थांबले पाहिजे. क्षितिजरेषा फार वर आहे. आकाशाला हिरवट निळ्या रंगाची एक पट्टी तेवढी दिली आहे. उरलेले सारे चित्र जमिनीचे. पुढे वेळूची कुंपणे, त्यामागे पिवळ्या शेतांचे पट्टे, गवताच्या गंजी, गंजीला टेकलेली शिडी, डावीकडे लांबवर माँमाजूरच्या जुन्या मठाचे अवशेष, मागे निळे डोंगर. आणि या सगळ्या पिवळ्याच्या बरोबर मध्यभागी एक लहानशी निळी गाडी. ती गाडी झाकून पाहावे, म्हणजे तिचे काम कळते. दूरच्या निळ्या डोंगराला जवळच्या पिवळ्या शेताशी बांधून ठेवणारी ती गाठ आहे. माणसे आहेत ती बारकी. पण गंज, शिडी, गाडी या प्रत्येक वस्तूवर माणसाच्या हाताची खूण असल्याने चित्र गजबजलेले वाटते. सूर्य चित्रात कोठेही नाही, आणि तरी ऊन अंगाला लागते.

याच काळातील त्याची शाईची रेखाटने शिक्षकांनी मुलांना अवश्य दाखवावीत, आणि त्यासाठी आपल्याकडे एक आयते कारण आहे. आर्लच्या परिसरात वेळू उगवत असे. तो छाटून त्याची लेखणी करून व्हॅन गॉगने ही चित्रे काढली. म्हणजे सरळ भाषेत सांगायचे तर बोरूने काढली. ज्या बोरूने आपल्या आजोबा-पणजोबांनी मोडी आणि बाळबोध गिरविली त्याच जातीच्या लेखणीने त्याने ला क्रोचे मैदान लिहून काढले. गवताला एक खूण, नांगरटीला दुसरी, कुंपणाला तिसरी, दूरच्या शेताला नुसते ठिपके. खूण जवळ मोठी, लांब बारीक. आणि पाच पावलांवरून पाहिले तर सारे मैदान क्षितिजापर्यंत पसरत गेलेले. रंग मुळीच नाही. हिरवा रंग संपला म्हणून चित्र अडले असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला यापरते उत्तर नको.

सारांश असा नाही की चौकट आणि तक्ते हाती दिले म्हणजे व्हॅन गॉग तयार होतो. पण त्याची उत्कटता ज्या वाटेने कागदावर आली ती वाट मोजमापाची होती, हे नाकबूल करता येत नाही.

आता प्रत्यक्ष रंगविण्याचे एक-दोन प्रश्न. निसर्गचित्राच्या वर्गात पहिली सूचना अशी दिली जाते की डोळे अर्धवट मिटून पाहा, म्हणजे तपशील बुजतो आणि उजळ-गडद भाग तेवढे राहतात. सूचना उत्तम आहे. या उजळ-गडदाची एक उपपत्ती जॉन कार्लसन या अमेरिकेतील चित्रकाराने १९२९ साली आपल्या पुस्तकात मांडली. प्रकाश वरून येतो, म्हणून आकाश सर्वांत उजळ. सपाट जमिनीवर तो सरळ पडतो, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकाची. डोंगराच्या आणि छपराच्या उतारावर तिरपा पडतो, म्हणून ते तिसरे. आणि उभी झाडे सर्वांत गडद. ही चार पायऱ्यांची उतरंड ध्यानात ठेवली तर नवशिक्याचे चित्र विस्कटत नाही, आणि जगभर ती शिकविली जाते.

पण ही उतरंड घेऊन जून अखेरीस इंदूरच्या बाहेर पडावे. पहिला पाऊस होऊन गेला आहे, काळी जमीन नांगरून पडली आहे, आणि ढेकळे भिजलेली आहेत. समोरची सपाट जमीन झाडांहून गडद दिसते! बाभळीचा हिरवा रंग तिच्यापुढे उजळ वाटतो. निंबाचे खोडसुद्धा उजळ वाटते. तीच जमीन वैशाखात राखेच्या रंगाची होऊन भेगाळते, आणि गव्हाच्या कापणीनंतर उभ्या राहिलेल्या खुंटांवर ऊन पडले म्हणजे आकाशाशी स्पर्धा करते. कारण मे महिन्यात दुपारी माळव्याचे आकाश निळे नसतेच, ते पांढुरके, धुळीच्या रंगाचे असते. कार्लसनचा नियम चूक आहे असे नव्हे. तो ज्या मातीवर उभा आहे ती माती वेगळी. ज्याने नियम पाठ केला आणि शिवार पाहिले नाही त्याच्या चित्रात काळी जमीन तपकिरी होईल. ज्याने दोन्ही केले त्याला नियम आणि डोळा यांत तफावत दिसेल, आणि त्या तफावतीत त्याच्या चित्राचा सूर सापडेल. व्हॅन गॉगच्या ‘सुगी’तही जमीन आकाशाहून उजळ आहे. चित्रातील भाव म्हणून आपण ज्याला म्हणतो तो पुष्कळदा असल्या एका नेमक्या, न चुकविलेल्या नोंदीतून येतो.

हा आमच्या भागापुरता अपघाताने सुचलेला विचार नव्हे. त्याला इतिहास आहे. आपल्याकडे निसर्गचित्राचे शिक्षण इंग्रजी जलरंगाच्या पद्धतीने आले. पारदर्शक रंगाचे पातळ थर एकावर एक चढवायचे, कागदाचा पांढरेपणा म्हणजे उजेड. दमट, धुकट हवेत सर्व रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात, तेथे ही पद्धत फार सुंदर चालते, आणि कोकणातल्या श्रावणात आजही चालेल. माळव्याच्या उघड्या पठारावर प्रकाश कडक, सावलीची कड धारदार. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इंदूरला चित्रकलेचे विद्यालय काढले आणि तेथून जे विद्यार्थी बाहेर पडले त्यांच्या निसर्गचित्रांत या प्रकाशाची दखल प्रथमच ठळकपणे घेतलेली दिसते. रंगाचा जाड, ठाम फटकारा. अपारदर्शक रंगाचा मोकळा वापर. तपशिलाऐवजी उजेड-सावलीचे मोठे तुकडे. नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांतले अग्रणी. इंदूरला १९१० साली जन्मलेले बेंद्रे १९३६ ते १९३९ या काळात काश्मीरात चित्रकार म्हणून नोकरीस होते. १९५० मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत आले, तेथे पुढे अधिष्ठाता झाले, आणि १९६६ मध्ये ते पद सोडून स्वतःच्या चित्रांकडे वळले. घनवादापासून अमूर्तापर्यंत अनेक वाटा त्यांनी चालून पाहिल्या, आणि उतारवयात शेवटी रंगांच्या बारीक ठिपक्यांनी झाडे आणि खेड्यातील बायका रंगविण्याकडे ते परत आले. त्यांच्या त्या अखेरच्या चित्रांत मला कधीकधी गोडवा अधिक वाटतो. इंदुरी वळणाच्या तरुणपणच्या चित्रांतील कडक ऊन तेथे निवलेले आहे. हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे हे मान्य. पण एवढे प्रयोग करून मनुष्य शिवाराकडे परततो, यावरून उघड्यावर बसून केलेल्या आरंभीच्या अभ्यासाची खोली लक्षात येते.

याच गुरूंचे दुसरे विद्यार्थी मकबूल फिदा हुसेन. पंढरपुरास जन्म, बालपण इंदुरात. त्यांच्या ‘जमीन’ या चित्रास १९५५ मध्ये ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. या लांबट चित्रात क्षितिजरेषाच नाही. माणसे, जनावरे आणि खेड्याच्या जीवनातील खुणा चौकटीचौकटींतून शेजारीशेजारी मांडल्या आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या नियमाशी हे किती जुळते पाहा. महत्त्वाचे ते मोठे, ठाऊक आहे ते पूर्ण. फरक असा की मुलाला तो नियम जन्मजात मिळालेला असतो, आणि हुसेन तेथे उघड्यावरच्या अभ्यासानंतर आणि मुंबईत सिनेमाचे प्रचंड फलक रंगविल्यानंतर पोचले.

आता शब्दांतील देखाव्याकडे वळू. आठवी-नववीच्या वर्गात ‘खेड्यातील पहाट’ हा विषय देऊन पाहावा. तीस वह्यांपैकी सत्तावीसांत पूर्वेला तांबडे फुटलेले असते, कोंबडा आरवलेला असतो, पक्षी किलबिलत असतात आणि शेतकरी खांद्यावर नांगर टाकून सर्जा-राजासह निघालेला असतो. डोंगर, सूर्य, नदी, झोपडी हेच घटक, फक्त शब्दांत. आणि हा दोष मुलांपुरता नाही. ग्रामीण कथेला मान मिळू लागल्यावर आपल्या वाङ्मयात मोट, गोठा, कंदील, पाणवठा यांची एक साठवणच तयार झाली. लेखकाने त्यातून चार वस्तू उचलाव्यात, दोन शिव्या पेराव्यात, की गाव उभे राहिले असे समजावे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण या वाङ्मयाला जितकी लागू आहे तितकी चित्रांनाही नाही.

याच्या उलट व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ काढून पाहावी. १९५५ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्या कादंबरीत धनगरांच्या एका वाडीवर तरुण मास्तर येतो, आणि अखेर दुष्काळाने ती वाडी ओस पडते. माळाचे वर्णन त्यात मोजके आहे. विशेषणे तर वेचून काढावी लागतील. पण ऊन, मेंढरे, वाटा आणि माणसांचे चालणे-बसणे असे टिपलेले आहे की वाडी रिकामी होते तेव्हा मोकळ्या पडलेल्या जागेची जाणीव वाचकाला होते, कारण तेथे काय होते हे त्याने पाहिलेले असते. माडगूळकर स्वतः रेखाटने करीत, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या गद्यात मला त्या रेखाटनाची शिस्त दिसते: कमी रेषा, पण जागच्या जागी. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) अगदी वेगळ्या वळणाचे, रंगांनी भरलेले. तरी तेथेही कोणत्या महिन्यात कोणते झाड काय करते याची नोंद चोख असते, आणि म्हणूनच त्या भाषेचा थाट पेलला जातो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाला या गोष्टीची निकड अधिक आहे, असे मी म्हणतो त्याचे कारण असे. आमचा मुलगा नारळ, डोंगर, किल्ला, कोकणातले घर हे मराठीत शिकतो आणि सोयाबीन, ट्यूबवेल, मंडी, मेड हे हिंदीत शिकतो. म्हणजे समोरचे शिवार एका भाषेत आणि वहीतला देखावा दुसऱ्या भाषेत. अशी वाटणी बेळगावात कन्नडशी आणि बडोद्यात गुजरातीशी होत असेल. शेजारच्या भाषेबद्दल माझी तक्रार नाही. ती मुलाला जगायला लागते. प्रश्न मराठीचा आहे. जी भाषा डोळ्यांसमोरच्या वस्तूंसाठी वापरावी लागत नाही, ती सणासुदीला नेसायच्या पैठणीसारखी कपाटात राहते. आपण संमेलने भरवितो, वक्तृत्वस्पर्धा घेतो, पण बांधावर उभे राहून मराठीत बोलण्याचा प्रसंग मुलावर किती वेळा येतो?

चित्राचा येथे उपयोग होतो. आमच्या शाळेत गेली काही वर्षे आठवीच्या मुलांना शहराबाहेरच्या एकाच बांधावर वर्षातून चार वेळा नेण्याचा प्रघात ठेवला आहे: पहिल्या पावसानंतर, भाद्रपदात, संक्रांतीच्या सुमारास आणि होळीनंतर. पुठ्ठ्यात वहीच्या आकाराची खिडकी कापून तिच्यावर दोरे ताणलेले असतात. ती व्हॅन गॉगच्या चौकटीची गरीब बहीण. पहिल्या खेपेस रंग नाहीत, फक्त कोळसा. एका चित्राला तासाभराहून अधिक वेळ द्यायचा नाही. तासाभरात पृथ्वी पंधरा अंश फिरते आणि ज्या सावल्या काढायला बसलो त्या जागा सोडून जातात. तयार हिरव्या रंगाची नळी घरी ठेवावी लागते. निळा आणि पिवळा मिसळून, त्यात किंचित तांबडा घालून, भाद्रपदातल्या सोयाबीनचा हिरवा आणि चिंचेचा हिरवा वेगळे काढता आले पाहिजेत. चित्र झाले की त्यातल्या प्रत्येक गोष्टीचे नाव मराठीत खाली लिहायचे. येथे शिक्षकांचीच परीक्षा होते. बांध, मेर, पाट, चर, काकर, ढेकूळ, ओंबी, घाटा, गंजी, कडबा हे शब्द आपल्यापैकी पुष्कळांना वाचून ठाऊक असतात; समोर बोट दाखवून हा पाट आणि हा चर असे सांगताना जीभ अडते. सोयाबीनला सोयाबीनच म्हणावे. त्यासाठी नवा शब्द घडविण्याची काही गरज नाही.

या उपक्रमातून चित्रकार निर्माण झाले असे मी म्हणणार नाही. पुष्कळ चित्रे कंटाळवाणी होतात. काही मुले बांधावर जाऊनही समोर पाठ करून डोंगर आणि सूर्य काढतात, इतका तो देखावा हातात मुरलेला असतो. पण एक प्रश्न दर वर्षी निघतो, आणि तो मुले स्वतः काढतात: विजेच्या खांबाचे काय करायचे? खांब आणि तारा शिवारात आहेत, पण ‘खेड्यातील चित्रात’ त्या शोभत नाहीत असे त्यांना वाटते. प्लॅस्टिकचे निळे पाइप, पत्र्याचे छप्पर, मोबाइलचा मनोरा यांचेही तसेच. मोट कोणी पाहिलेली नसते, तरी ती काढायला हात शिवशिवतो. या प्रश्नाला शिक्षकाने लगेच उत्तर देऊ नये असे माझे मत आहे. व्हॅन गॉगचे १८९० च्या जूनमधील, ओव्हेर येथील एक चित्र मॉस्कोच्या संग्रहालयात आहे. हिरव्या शेतांचे पट्टे, पावसाने ओली वाट, वाटेवर एक घोडागाडी, आणि मागे सबंध चित्र आडवे कापीत धूर सोडीत जाणारी आगगाडी. ते चित्र मुलांपुढे ठेवतो, आगगाडी बोटाने झाकून दाखवितो, आणि गप्प बसतो.

गेल्या आषाढात एका मुलीने कागदाचा तीनचतुर्थांश भाग कोळशाने काळा केला, ओल्या नांगरटीसाठी. वर आकाशाची चार बोटे पट्टी कोरी ठेवली. विजेचा एकच खांब, तोही मधोमध नाही, उजव्या कडेला. आणि त्याच्या तारा डावीकडे कागदाबाहेर गेलेल्या. झोपडी नाही, नदी नाही. खाली शब्द लिहिले होते ते तीनच: ढेकळे, खांब, ढग. आकाश तर कोरे होते. ढग कोठे आहे असे विचारल्यावर ती म्हणाली, “सर, सगळंच ढग आहे.”